माझ्या गोष्टीत गोगलगाय नव्हती

वाचकाचं पत्र

ताई, मी गेली आठ वर्षं मोठ्यांसाठी कथा लिहिते. मुलांसाठी लिहिलेलं हे माझं पहिलंच पुस्तक. गोष्ट एका सात वर्षांच्या मुलीची आहे. तिला कमी ऐकू येतं, ती श्रवणयंत्र वापरते. पावसात जायचं तर यंत्र काढून ठेवावं लागतं, आणि मग तिच्यासाठी पाऊस मुका होतो. एके दिवशी आजी तिच्या हातात छत्रीचा दांडा देते आणि तिला कळतं की थेंबांची थरथर हाताला जाणवते. भाचीच्या वर्गात ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा तीस मुलं चिडीचूप बसून ऐकत होती. प्रकाशकांनी ती चित्रपुस्तकासाठी घेतली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

मग संपादकबाईंनी माझ्या १,७४० शब्दांचे ६१० केले. शेवटचं वाक्य काढून टाकलं. ‘पाऊस ऐकायचा कशाला, धरून बघ’ हे आजीचं वाक्य माझ्या स्वतःच्या आजीचं आहे, तेही गेलं. गेल्या आठवड्यात स्केचेस आली. मी मुलीला दोन वेण्या आणि निळा फ्रॉक दिला होता. चित्रात मोकळे केस आणि पिवळा रेनकोट. वर प्रत्येक पानावर एक गोगलगाय. माझ्या गोष्टीत गोगलगाय नाहीच! चित्रकाराचा नंबर मिळवून त्यांच्यासाठी लांबलचक मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. करारात रॉयल्टी दोघांत निम्मी-निम्मी आहे. गोष्ट सुचली मला, मग हे बरोबर आहे का? की पुस्तक मागे घेऊन स्वतःच छापू? स्केचेसवर मत कळवायला दहा दिवस आहेत. सोबत मूळ मजकुराची आणि संपादित मजकुराची काही पानं जोडते आहे.

— स्वतःचीच गोष्ट ओळखू न येणारी एक लेखिका

प्रिय मैत्रिणी,

तो मेसेज पाठवू नका. पुस्तकही मागे घेऊ नका, निदान या दहा दिवसांत तरी नको. तुम्ही जोडलेली पानं मी दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. गोष्ट फार चांगली आहे. ती चांगली आहे म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे. तुमच्या तक्रारींपैकी बहुतेक मला पटल्या नाहीत, एक पूर्ण पटली. आणि एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल तुम्ही तक्रार करायला हवी होती, पण ती तुमच्या नजरेतून सुटली आहे. ती सगळ्यात गंभीर आहे.

आधी शब्दांचं बघू. मोठ्यांसाठी लिहिताना चेहरा, खोली, उजेड, पाऊस, सगळं तुम्हाला शब्दांनीच उभं करावं लागतं. हात त्याला सरावलेला असतो. त्याच हाताने चित्रपुस्तक लिहिलं की पहिल्या खर्ड्यात दुप्पट-तिप्पट शब्द येतात. मी बावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन केलं, आणि असे खर्डे मला बहुतेक वेळा चांगल्या, मुरलेल्या लेखकांकडूनच आले. तेव्हा ६१० हा आकडा बघून आपण कमी पडलो असं वाटून घेऊ नका.

आज एक करा. आठ कोरे कागद एकावर एक ठेवा आणि मधोमध घडी घाला. बत्तीस पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार झाली. बत्तीसच का, तर मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापून घडी घातली की एक फर्मा होतो, आणि चित्रपुस्तक बहुधा दोन फर्म्यांचं असतं. चोवीस किंवा चाळीस पानांचीही असतात. आठाच्या पटीत गेलं की कागद वाया जात नाही. त्यातली पहिली तीन-चार पानं शीर्षक, अर्पण, श्रेय यांत जातात. गोष्टीला उरतात बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या. तेरा धरा. तुमचे १,७४० शब्द तेरा जोडपानांवर वाटले तर प्रत्येकावर जवळजवळ १३४ शब्द येतात. चित्राला जागाच राहत नाही. ६१० शब्द वाटले तर सत्तेचाळीस.

आता दोन्ही मजकूर कात्रीने कापून दोन वेगळ्या डमींवर चिकटवा. हे खरंच करा, स्क्रीनवर बघून कळत नाही. कापताना हाताला कळतं की कुठलं वाक्य कुठल्या पानाचं आहे, आणि कुठलं वाक्य कुठल्याच पानाचं नाही.

तुमच्याच पानातला एक तुकडा घेते. मूळ मजकूर असा होता: ‘सकाळपासून आभाळ काळंकुट्ट झालं होतं. वारा सुटला होता आणि खिडकीची दारं धाडधाड आपटत होती. टपोरे थेंब पडू लागले तशी ती धावतच खिडकीपाशी गेली. तिने कानामागचं यंत्र अलगद काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण घट्ट लावलं आणि तिच्याभोवतीचं सगळं जग शांत शांत झालं.’ संपादनानंतर ते असं आहे: ‘टप्. टप्. तिने यंत्र काढून डबीत ठेवलं. आता पाऊस मुका.’

काळं आभाळ चित्रात आहे. खिडकी चित्रात आहे. धावत जाणं चित्रात आहे, आणि स्केचमध्ये डबीचं झाकण लावणारी तिची बोटंही असतील. शब्दांकडे उरलं ते चित्राला जमणार नाही तेवढंच: आवाज, आणि तो बंद होणं. ‘टप्. टप्.’ ऐकू येतंय तोवर ती आपल्यासारखीच आहे. ‘आता पाऊस मुका’ म्हटलं की मूल क्षणात तिच्या बाजूला जाऊन उभं राहतं. हे वाक्य तुमच्या मूळ पानांत दुसरीकडे होतं, संपादकबाईंनी उचलून इथे आणलं. मी त्यांना ओळखत नाही. पण हे ज्याने केलं त्याला तुमची गोष्ट कळली आहे, एवढं मी खात्रीने सांगते.

शब्द कमी करणं म्हणजे लेखकाला कमी करणं नव्हे, याचं एक उदाहरण या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असतं. मॉरिस सेंडॅक यांचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे अख्खं पुस्तक मूळ इंग्रजीत ३३८ शब्दांचं आहे, आणि त्यातल्या मुलाचा आणि रानटी जीवांचा धिंगाणा ऐन रंगात येतो तिथली सलग तीन जोडपानं पूर्ण निःशब्द आहेत. तिथे लेखक आणि चित्रकार एकच माणूस होता. म्हणजे चित्रकाराने येऊन लेखकाचे शब्द काढले असं म्हणायलाही जागा नाही. लिहिणारे सेंडॅक चित्र काढणाऱ्या सेंडॅकना जागा करून देत होते. त्या पुस्तकात आधी रानटी घोडे होते. घोडे मनासारखे उतरेनात, आणि संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याशी बोलता बोलता घोड्यांच्या जागी ते केसाळ, मोठ्या डोळ्यांचे जीव आले. आता त्या पुस्तकात घोड्यांची कल्पनाही करवत नाही.

तुम्ही वर्गात वाचलंत आणि मुलं चिडीचूप बसली, यावर माझा विश्वास आहे. पण तिथे तुम्ही होता. आजीचं वाक्य म्हणताना तुमचा आवाज खाली गेला असणार, छत्रीचा दांडा धरताना तुमची मूठ वळली असणार. मुलांसमोर चित्र होतं, ते तुम्ही स्वतः होता. पुस्तक घरी जातं तेव्हा तुम्ही तिथे नसता. दिवसभर दमलेलं कुणीतरी, अर्धवट झोपेत, मुलाच्या हट्टापायी तिसऱ्यांदा तेच वाचत असतं. म्हणून दोन्ही डमी अशा माणसाला वाचायला द्या की ज्याने गोष्ट आधी ऐकलेली नाही. तुम्ही फक्त ऐका. वाचणारा कुठे अडखळतो, कुठे श्वास पुरत नाही, कुठे ओळ गाळून पुढे जातो, तिथे तिथे पेन्सिलीने खूण करा.

शेवटचं वाक्य. तुमच्या पानांत ते असं आहे: ‘अशा रीतीने तिला कळलं की मनापासून ऐकलं तर कानांशिवायही ऐकता येतं.’ हे जाऊ द्या. आधीच्या पानावर मुलाने पाऊस हातात धरलेला असतो, आणि हे वाक्य येऊन तो अनुभव त्याच्या हातातून काढून घेतं, त्याला समजावून सांगतं. पण माझी खरी अडचण दुसरीच आहे. हे वाक्य कमी ऐकू येणारी एखादी मुलगी वाचेल. ‘मनापासून ऐकलं तर’ याचा तिला काय अर्थ लागेल? की ती आजवर मनापासून ऐकत नव्हती? ‘नीट लक्ष दिलंस तर ऐकू येईल’ हे तिने मोठ्यांकडून शंभर वेळा ऐकलेलं असतं. तुमच्या मनात ते नव्हतं, मला माहीत आहे. पण वाक्य पानावर एकटं असतं, त्याच्या बाजूने बोलायला लेखक तिथे नसतो.

आता आजीचं वाक्य. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. ‘पाऊस ऐकायचा कशाला, धरून बघ.’ हे परत मागा. ते तुमच्या आजीचं आहे म्हणून मागू नका; ते कारण तुमच्यासाठी मोठं आहे, पुस्तकासाठी पुरेसं नाही. मागायचं कारण हे की या वाक्याचं चित्र कुणीही काढू शकत नाही. चित्रात आजी छत्री देताना दिसेल, पण छत्री तर कुठलीही आजी पावसात देतेच. ती धरायला का देते आहे, हे त्या पाच-सहा शब्दांशिवाय कळत नाही, आणि अख्खी गोष्ट तिथे वळते. डमीत ते उजव्या पानाच्या तळाशी चिकटवून बघा. ‘धरून बघ’ म्हटलं की मूल पान उलटणार, आणि उलटल्यावर डाव्या-उजव्या दोन्ही पानांवर पसरलेली ती थरथर. संपादकबाईंना हे असंच लिहा, डमीचा फोटो जोडून. कात्री हातात असली की चांगल्या संपादकाकडूनही कधी कधी जरा जास्त कापलं जातं. दाखवून दिलं की चांगला संपादक ते परत घेतो.

चित्रांकडे येते. निळा फ्रॉक सोडून द्या. तो निळा असल्याने गोष्टीत काहीच घडत नाही. करड्या पावसात पिवळा रेनकोट मात्र बत्तीस पानं डोळ्यांना धरून ठेवेल, चित्रकाराने तो विचार करूनच घातला आहे. यापुढे लिहिताना कपडे, केस, भिंतींचे रंग लिहूच नका, गोष्ट त्यावर अडत असेल तरच लिहा.

आणि गोगलगाय! तुमचा सगळ्यात जास्त राग तिच्यावर आहे. मला मात्र ती वाचूनच आनंद झाला. गोगलगायीला कान नसतात. ती पाऊस ऐकत नाही, अख्ख्या अंगाने जमिनीवरून त्याचा माग घेते. पाऊस आला की इतरांनी आत पळायचं आणि तिने बाहेर यायचं. तुमच्या चित्रकाराने तुमची गोष्ट वाचली आणि एकही शब्द न वापरता तीच गोष्ट कोपऱ्यात पुन्हा सांगितली. मुलांना ती मोठ्यांच्या आधी सापडेल. अजून वाचता न येणारं मूल मांडीवर बसून तेच शोधत असतं. मोठा माणूस अक्षरं वाचतो तेवढ्या वेळात मूल चित्र वाचतं. दुसऱ्या वाचनाला ते बोट ठेवून म्हणेल, ‘ही बघ, इथे पण आहे.’ त्या पुस्तकातला तेवढा भाग त्या मुलाचा स्वतःचा असेल. तो त्याला मिळू द्या.

आता ती सुटलेली गोष्ट. तुम्ही लिहिलंय, दोन वेण्यांच्या जागी मोकळे केस. तुम्हाला वेण्या गेल्याचं वाईट वाटलं. मला वाचताक्षणी वेगळंच दिसलं: मोकळे केस म्हणजे कान झाकले गेले. त्यावर रेनकोटची टोपी. स्केचेस पुन्हा काढा आणि एकेका पानावर बघा, श्रवणयंत्र दिसतंय का? ते ज्या पानांवर कानात असायला हवं, तिथे आहे का? आणि डबीत ठेवल्यानंतरच्या पानांवर चुकून पुन्हा कानात आलंय का?

दिसत नसेल तर हे पुस्तक अडवायला हवं. कानामागे यंत्र लावणारी मुलगी पुस्तकात स्वतःला शोधत आली आणि तिला केसांत लपलेला कान दिसला, तर तिला पुस्तकाकडून काय कळेल? की हे झाकायचं असतं. वेण्यांचा आग्रह धरू नका, यंत्राचा धरा. केस मागे बांधलेले असोत, आखूड असोत, एका कानामागे खोवलेले असोत, ते चित्रकार ठरवतील. यंत्राचा कानामागचा भाग, त्यातून येणारी बारीक नळी, कानात बसणारा साचा, हे बरोबर निघायला हवं, म्हणून खऱ्या यंत्राचे तीन-चार बाजूंनी फोटो पाठवा. शिवाय छापण्याआधी मजकूर आणि स्केचेस श्रवणयंत्र वापरणाऱ्या किमान दोघांना दाखवावीत अशी विनंती करा, त्यातलं एक मूल असलं तर उत्तम. पाऊस ‘मुका’ हा शब्द त्यांना कसा वाटतो, तेही विचारा. मला तो आवडला, पण तो माझ्या कानांना आवडला आहे.

अशा पुस्तकांची वाट बघणारे लोक जगभर आहेत. येला लेपमन या पत्रकार बाईंनी युद्धानंतरच्या म्युनिकमध्ये १९४९ साली मुलांच्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय वाचनालय उभं केलं आणि १९५३ मध्ये झुरिकला मुलांच्या पुस्तकांसाठी झटणाऱ्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयबीबीवाय, स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ही संघटना दर दोन वर्षांनी अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची आणि त्यांच्याविषयीची उत्तम पुस्तकं निवडते. त्यांचा संग्रह टोरंटोच्या सार्वजनिक वाचनालयात आहे. असं पुस्तक हातात घेणारे लोक चित्रातलं यंत्र आधी बघतात.

हे इतक्या तळमळीने सांगते त्याला कारण आहे. संपादक म्हणून माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक पुस्तक होतं. मुलाचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि तो डाव्या हाताने लिहायला शिकतो अशी गोष्ट. छपाईची तारीख जवळ आली म्हणून मी स्केचेस लेखकाला दाखवलीच नाहीत. प्रूफं थेट वाचून दिली आणि वाचताना नजर मजकुरावरच ठेवली. पुस्तक आल्यावर आठ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं: चौदाव्या पानावर प्लास्टर दुसऱ्या हाताला कसं? एका चित्रात हात उलटा झाला होता. लेखकाने बघितलं असतं तर पहिल्या मिनिटात सापडलं असतं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, ‘मला विचारायला हवं होतं.’ त्यानंतर मी एकही पुस्तक लेखकाने स्केचेस बघितल्याशिवाय पुढे पाठवलं नाही. तुमच्या प्रकाशकांनी ती पाठवली आहेत, दहा दिवसही दिले आहेत. ही चांगली खूण आहे.

मेसेज का पाठवायचा नाही, तेही इथेच सांगते. चित्रकार आधी काडेपेटीएवढ्या चौकोनांत अख्खं पुस्तक मांडतात, मग पूर्ण आकाराची स्केचेस, मग अंतिम रंगकाम. यात सगळे मिळून कित्येक महिने जातात. स्केचमध्ये केस बदलायला तासभर लागतो. रंगकाम झाल्यावर तेच पंधरा पानांवर बदलायचं म्हणजे आठवडे, आणि त्याचे वेगळे पैसे मागण्याचा त्यांना हक्क असतो. म्हणून हे दहा दिवस मोलाचे आहेत. पण तुमचं म्हणणं संपादकांकडून जाऊ द्या. एकीकडून लेखकाचा मेसेज, दुसरीकडून संपादकांच्या सूचना, त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि चित्रकार मधल्या मध्ये. दुसरं असं की थेट आलेल्या मेसेजमध्ये वेण्या, फ्रॉक, गोगलगाय आणि यंत्र एकाच आवाजात ओरडतात. संपादक ते वेगळं करून सांगतात. काही प्रकाशनांत लेखक, चित्रकार आणि संपादक एका टेबलाशी बसून काम करतात, ते मला स्वतःला जास्त आवडतं. तसं बसता येईल का असं तुम्ही जरूर विचारा. फक्त मागच्या दाराने जाऊ नका.

निम्म्या रॉयल्टीचा प्रश्न बऱ्याच लेखकांच्या मनात असतो, फार थोडे विचारतात. चित्रपुस्तकात अशी समान विभागणी ही पुष्कळ ठिकाणची रूढ पद्धत आहे, आणि मला ती योग्य वाटते. चित्रकाराने तुमच्या गोष्टीवरून नुसती चित्रं काढलेली नाहीत, अर्धी गोष्ट सांगितली आहे. व्यवहाराच्या बाजूनेही बघा. इटलीत बोलोन्याला १९६४ पासून मुलांच्या पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो, तिथे भाषांतराचे हक्क घेतले-दिले जातात. टेबलापलीकडच्या माणसाला तुमची भाषा वाचता येत नसते. तो आधी चित्रं उघडतो. ती आवडली तरच ‘यात लिहिलंय काय?’ असं विचारतो. मग पुष्कळदा अनेक भाषांतल्या आवृत्त्या एकत्र छापल्या जातात: रंगांच्या तीन प्लेटी त्याच राहतात, फक्त काळ्या शाईची, मजकुराची प्लेट भाषेप्रमाणे बदलते. तुमचे शब्द प्रत्येक भाषेत बदलतील, गोगलगाय सगळीकडे तीच राहील.

चित्रकारांना हा मान फार उशिरा मिळाला, हेही लक्षात असू द्या. मुलांच्या पुस्तकांसाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६ पासून मिळू लागला, चित्रकारांना त्यानंतर दहा वर्षांनी, १९६६ मध्ये. मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्यांची एससीबीडब्ल्यूआय ही मोठी आंतरराष्ट्रीय संस्था १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या नावात फक्त लेखक होते, चित्रकार पुढे जोडले गेले. तुमच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही नावं सारख्या आकारात असावीत, असं तुम्ही स्वतःहून सुचवलंत तर मला फार आनंद होईल.

करारात तुम्ही लक्ष घालायचं ते निम्म्याच्या आकड्यात नाही, इतर कलमांत. मजकुराचा कॉपीराइट तुमच्या नावावर आहे ना, की एकरकमी मानधनात कायमचा देऊन टाकलाय? रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर? दोन्हीत टक्का तोच असला तरी पैशात पुष्कळ फरक पडतो. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार? भाषांतर, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहिलेत की एकाच ओळीत सगळे दिलेत? पुस्तक बाजारात मिळेनासं झालं आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा छापलं नाही, तर हक्क तुमच्याकडे परत येतात का? आणि स्केचेसच्या बाबतीत शब्द कुठला आहे ते बघा: ‘सल्लामसलत’ असेल तर प्रकाशकाने तुम्हाला दाखवायचं आणि तुमचं ऐकून घ्यायचं, ‘मंजुरी’ असेल तर तुमच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही. नव्या लेखकाला बहुधा सल्लामसलतच मिळते. पण यंत्रासारख्या तपशिलाच्या अचूकतेपुरती मंजुरी मागता येते, आणि समजूतदार प्रकाशक ती देतात. करार या क्षेत्रातल्या जाणकाराकडून एकदा वाचून घ्या.

राहिलं स्वतः छापण्याचं. त्यात कमीपणा काही नाही. बिएट्रिक्स पॉटर यांची सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली तेव्हा त्यांनी १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापल्या. पण पुढच्याच वर्षी प्रकाशकाने ते पुस्तक घेतलं तेव्हा त्यांनी चित्रं नव्याने रंगवून दिली आणि त्यांची संख्याही कमी केली. तुम्ही स्वतः छापलंत तरी चित्रकार लागेल, संपादक लागेल, मांडणी करणारं कुणी लागेल, प्रूफं वाचणारं लागेल. फरक इतकाच की त्यांचे पैसे तुम्ही देणार, आणि ज्याचे पैसे आपण देतो त्याच्याकडून ‘हे वाक्य काढा’ हे ऐकून घेणं आणखी अवघड जातं. प्रकाशकांनी यंत्राच्या बाबतीत साफ नकार दिला, तर मात्र मला पुन्हा लिहा. तेव्हा पुस्तक मागे घेण्याबद्दल आपण खरंच बोलू.

संपादकबाईंना ईमेल करा, फोनवर नको, म्हणजे त्यांना तो चित्रकाराकडे जसाच्या तसा पाठवता येईल. राग आला तो दिवस जाऊ द्या, डमी करून मगच लिहा. सुरुवात श्रवणयंत्राने करा, पान क्रमांकांसकट आणि फोटोंसकट. मग आजीचं वाक्य, डमीच्या फोटोसकट. मग शेवटचं वाक्य काढल्याबद्दल त्यांचे आभार, मनापासून पटलं असेल तर. वेण्या आणि फ्रॉक यांच्याबद्दल काही लिहू नका.

गोगलगायीबद्दल एक ओळ लिहा: अकराव्या जोडपानावर मुलगी छत्रीचा दांडा घट्ट धरून उभी असते, तेव्हा ती दांड्यावर असेल का?

तुमची,
ताई